ठिपके की पट्टे

“नाव घेऊ नकोस,” बाबा म्हणाले. “फक्त दिसतं ते सांग.”

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाणी मागे सरकून उरलेला चिखल, त्यात बेशरमची झुडपं आणि त्यांच्यामागे माणसाच्या छातीइतकं गवत. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गवताचे तीन-चार तुरे वाकले होते आणि हलत होते. वारा नव्हता.

“आहे काहीतरी.”

“काहीतरी हे निरीक्षण नव्हे.”

“बेशरमच्या उजवीकडे, तुऱ्यांवर. चिमणीहून लहान. एकापेक्षा जास्त.”

“हं. घाई करू नकोस.”

“घाई करू नोको म्हंतेत,” मागून लटारूकाका पुटपुटले, “आन तिकडे नागपूरचा डॉक्टर घड्याळ पावून रायला.”

“लटारू, तू गप बस. पाखरं उडतील.”

“तुमच्या आवाजानं नाई उडत का जी?”

बाबा हसले नाहीत, पण त्यांना बरं वाटलं असावं. मांडीवरची वही त्यांनी सरळ केली आणि जाड पेनाचं टोपण काढलं.

आमखारीचा हा तलाव आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर. बाबांनी तालुक्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि बावीस हिवाळे या पाळीवर बसून पक्षी मोजले. लटारू शेंडे तलावात मासे धरणारे ढीवर. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बाबांना पाण्यातून पलीकडे नेलं होतं. तेव्हापासून बाबा येतील त्या सकाळी तेही जाळं बाजूला ठेवून मागे उकिडवे बसत. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मधुमेहानं बाबांच्या डोळ्यांचे पडदे नेले होते. बगळा हलला तर त्यांना कळे, नाहीतर खुंटा आणि बगळा सारखेच. लहान पाखरांचे बारीक आवाजही कानातून गळून गेले होते. त्यामुळे शेवटची सहा वर्षं मी बघायची आणि त्यांनी लिहायचं असं चाललं होतं. मी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघं आणि वह्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. चोचीपासून शेपटीपर्यंत ते एकेक भाग विचारत, मी रंग आणि खुणा सांगायच्या. पक्ष्याचं नाव मी उच्चारायचं नाही. सगळं लिहून झालं की नाव ते ठरवत. “नाव आधी घेतलं की डोळा नावाच्या मागे जातो,” असं ते म्हणत. उलट मला उत्तर सुचवणारा प्रश्न त्यांनीही विचारायचा नाही. ‘पोट पिवळं आहे का?’ असं नाही, ‘पोट?’ एवढंच. या नियमामुळे एकदा साध्या बुलबुलावर आमचा अर्धा तास गेला होता.

त्या रविवारी आम्हाला दोन पक्ष्यांतला फरक हवा होता. लाल मुनिया आणि हिरवी मुनिया. चुलत बहिणी म्हणाव्यात अशा. दोघींची चोच लाल, दोघी गवताच्या बिया खातात, गवतातच गोल घरटं विणतात, आणि पिंजऱ्यांसाठी दोघींना एकाच जाळ्यात धरतात. लाल मुनिया इथून थेट जाव्यापर्यंत सापडते. जगभरच्या पक्ष्यांची जी यादी असते, तिच्यात तिच्यापुढे लिहिलं आहे, ‘धोका नाही’. हिरवी फक्त आपल्या देशात, तीही मधल्या पट्ट्यात, तुकड्यातुकड्यांनी. तिच्यापुढे लिहिलं आहे, ‘असुरक्षित’.

“तेच गवत, तीच बी, तेच जाळं,” बाबा म्हणायचे. “मग एक पुरून उरते आणि दुसरी संपत जाते, असं का?” बावीस वर्षं त्यांनी बिया मोजल्या, घरटी मोजली, मातीचे नमुने पाठवले. उत्तर आलं नाही.

हिवाळ्याच्या शेवटी लाल मुनियेचा नर आपला लाल रंग टाकून तपकिरी होतो. मग लांबून दोघींत गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी बघायचं ते हे: लाल मुनियेच्या पंखावर पांढरे ठिपके असतात. हिरवीच्या पंखावर काही नसतं. तिच्या कुशीवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात.

तलावाच्या गवताळ बाजूला वीजप्रकल्पाच्या राखेसाठी तळं खोदायचं ठरत होतं. शेवटच्या तीन हिवाळ्यांत असुरक्षित जातीचा पक्षी तिथे दिसल्याची नोंद असेल तर राखेचं तळं दुसरीकडे न्यावं लागणार होतं. चार हिवाळ्यांपूर्वी आम्ही अकरा हिरव्या मुनिया पाहिल्या होत्या. त्यानंतर नाही. जानेवारी संपत आला होता. हा त्या तिनांतला शेवटचा हिवाळा होता.

आणि बाबांच्या आतड्यात गाठ होती. सोमवारी भरती व्हा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही तारीख गेली तर पुढची तीन आठवड्यांनी. “तेव्हा पोटात काय असेल ते मी आज सांगू शकत नाही,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले होते.

बाबांनी माझ्याशी करार केला होता. रविवारी शेवटचं बघायचं. दिसल्या नाहीत तर सोमवारी भरती. दिसल्या तर सलग सात सकाळी मोजणी, तिचा अहवाल, आणि मग दवाखाना.

“सात दिवसांनी तारीख मिळणार नाही, बाबा.”

“मग तीन आठवड्यांनी मिळेल.”

“आणि तोवर?”

“तोवर मी पाळीवर असेन. अजून कुठे जाणार?”

मी पुष्कळ भांडले. ते ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “आधी बघू तर. बहुतेक नसतीलच.” त्यांना तसं वाटत नव्हतं.

तर ती सकाळ. तुरे परत हलले. धुक्यातून थोडं ऊन आलं आणि त्या गवतावर पडलं.

“चोच?” बाबांनी विचारलं.

“लाल.”

ते खरं होतं. चोच लालच होती. ऊन आणखी स्वच्छ झालं. एक पाखरू तुऱ्यावर आडवं लटकलं होतं, त्याची कूस माझ्याकडे होती. कुशीवर काळे-पांढरे पट्टे होते, शाईनं आखल्यासारखे. पाठ हिरवी. पोट पिवळं, लिंबाच्या सालीसारखं. त्याच्या शेजारी दुसरं. खाली आणखी. मी मोजली. सात.

“डोकं?”

मी परत मोजली. सातच.

“वैजू?”

“थांबा. धुकं आहे.”

माझ्या हातात काही क्षण होते. मी दुर्बीण खाली घेतली नाही. खाली घेतली असती तर त्यांचा चेहरा दिसला असता.

“डोकं तपकिरी,” मी म्हटलं.

“पाठ?”

“तपकिरी. मातकट.”

“पंख?”

नुसतं ‘लाल मुनिया आहे’ असं मला म्हणता आलं असतं तर ते सोपं गेलं असतं. पण नाव घ्यायचं नव्हतं. नसलेला पक्षी मला चोचीपासून शेपटीपर्यंत उभा करावा लागत होता, आणि असलेला समोर बिया खात होता.

“पंखावर ठिपके,” मी म्हटलं. “पांढरे.”

पेन थांबलं. मग पुन्हा चालू लागलं.

“किती?”

“आठ-दहा. बारीक आहेत.”

“शेपटीच्या वर?”

“लालसर.”

“पोट?”

“फिकट. मळकं.”

“कूस?”

“काही नाही.”

बाबा लिहायचे थांबले. मागे लटारूकाका खोकले. त्यांनी घसा साफ केला. बाबांनी मान माझ्याकडे वळवली. जिथे माझा चेहरा असेल असं त्यांना वाटलं, त्याच्या जरा डावीकडे ते पाहत होते.

“पट्टे नाहीत?” त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत त्यांनी मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

“नाहीत,” मी म्हटलं.

त्यांनी हळूच मान हलवली. “मी असं विचारायला नको होतं. चूक झाली.” मग पानावर वाकून त्यांनी तेही लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर शेवटी नाव लिहिलं: लाल मुनिया. पुढे संख्या विचारली. मी सात सांगितली. चोचीखेरीज तेवढी एक गोष्ट मी खरी सांगितली, असं मला तेव्हा वाटलं.

“चला,” ते म्हणाले. “करार म्हणजे करार.”

पाळीवरून उतरताना त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा लटारूकाकांच्या. ते दोघं नेहमीसारखे एकमेकांची थट्टा करतील म्हणून मी वाट पाहिली. दोघं जपून पावलं टाकत राहिले.

माझा हिशोब असा होता. ऑपरेशन झालं की दहा-बारा दिवसांत ते घरी येतील. मग मी सांगेन. ते चिडतील, महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. राखेच्या तळ्याची सुनावणी मार्चमध्ये होती; तोवर मोजणी करायला वेळ होता. आत्तापर्यंत त्यांनी फक्त वहीत लिहिलं होतं. वहीतलं दुरुस्त करता येतं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले, दोन चमचे पेज घेतली.

“छान झोप लागली,” ते म्हणाले. “किती दिवसांनी.”

“औषधांनी असेल.”

“नाही गं. आता वाट बघायची नाही ना, म्हणून. बावीस वर्षं डोक्यात एकच, आहेत का, असतील का. आता कळलं. संपलं एकदाचं.”

मी म्हणाले, “बाबा, एक सांगायचं होतं.”

“काय?”

त्यांचा चेहरा खरंच निवांत दिसत होता. इतका निवांत मी तो आई असतानाही पाहिला नव्हता.

“काही नाही. उद्या सांगते.”

“सांग की.”

“घराची किल्ली शेजारी दिली आहे.”

“बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी ताप आला. टाका आतून सुटला होता. अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. मधल्या काळात ते शुद्धीवर होते ते तुकड्यातुकड्यांनी, आणि त्या तुकड्यांत मी त्यांना पाणी हवं का, पाय दाबू का, एवढंच विचारत राहिले.

तेरावा झाल्यावर मी आमखारीला गेले. लटारूकाका पाळीवर होते. आम्ही चार सकाळी बसलो. गवतात वटवटे होते, सुगरणी होत्या, एका सकाळी लाल मुनियांचा मोठा थवा आला, त्यांच्या पंखावर ठिपके होते. हिरव्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी वहीतल्या त्या नोंदीखाली काय लिहावं याचा विचार करत होते, तेव्हा लटारूकाका म्हणाले, “ते पाकीट देल्लो बरं का बाई.”

“कुठलं पाकीट?”

“सरनं देल्लं ते. त्याच दिवशी दुपारी तुमच्या घरी, तुमी बॅग भरून रायल्या होत्या तवा. म्हणाले, लटारू, उद्या वनखात्याच्या हापिसात नेऊन दे. शिक्का बी मारून आनलो पोचीवर.”

घाई करू नकोस म्हणणाऱ्या माझ्या बापानं त्या एका गोष्टीत घाई केली होती.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, समोर टेबल. सुनावणी घ्यायला जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या, शांत बोलणाऱ्या. प्रकल्पाकडून पक्ष्यांचा जाणकार म्हणून रितेश बोपचे आला होता. तो बाबांचा विद्यार्थी. आमच्या घरी त्यानं कितीदा तरी पोहे खाल्ले होते. मला पाहून तो उठून उभा राहिला.

अधिकारी बाईंनी बाबांचं पत्र वाचून दाखवलं.

“‘हिरवी मुनिया या हिवाळ्यातही आढळली नाही. दिसलेला थवा लाल मुनियांचा होता. निरीक्षकास मी पट्ट्यांविषयी सूचक प्रश्न विचारला, ही माझी चूक नमूद करतो. तथापि सूचना असूनही निरीक्षकाने नकार दिला, त्यामुळे नोंद अधिक विश्वसनीय मानावी. आमखारीच्या यादीतून हिरव्या मुनियेचे नाव काढावे. दिगंबर हेडाऊ.’”

सभागृहात कुणीतरी म्हणालं, “याले म्हंते मानूस.”

मी उठले. “मी वैजयंती हेडाऊ. निरीक्षक मीच. ती नोंद खोटी आहे. पट्टे होते.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“त्या हिरव्या मुनिया होत्या. सात. मी बाबांना खोटं सांगितलं.”

“का?”

“त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं.”

बाईंनी चष्मा परत लावला. “ताई, राग मानू नका. मला विचारावंच लागेल. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? कारण आता तलाव वाचवायचा आहे.”

“फोटो आहे?” टेबलाजवळच्या कारकुनानं विचारलं.

“नाही. कॅमेरा गेल्या वर्षी पाण्यात पडला. फोनमध्ये एवढ्या लांबचं येत नाही.”

“दुसरं कुणी पाहिलं?”

“बाबांना दिसत नव्हतं,” मी म्हटलं. “मी एकटीच पाहत होते.”

रितेश उठला. त्याचा आवाज जड होता. “मॅडम, सरांनी आयुष्यात एक नोंद खोटी केली नाही. पण शेवटची सहा वर्षं सगळ्या नोंदी ताईंच्या डोळ्यांनी झाल्या आहेत. ही एक खोटी धरली, तर बाकीच्या कशा धरायच्या?” मग तो माझ्याकडे वळला आणि हळू म्हणाला, “ताई, बसा ना. ही एक नोंद राहू द्या. सरांची वही राहील.”

तो मनापासून सांगत होता. त्याच्या प्रकल्पाला दोन्हीकडून फायदाच होता, तरी तो मनापासून सांगत होता. मी बसले असते तर बाबांची वही सरकारी कागदात प्रामाणिक माणसाची वही म्हणून राहिली असती, आणि तिच्यातलं शेवटचं पान खोटं असतं.

“लिहून घ्या,” मी म्हटलं. “पट्टे होते.”

त्यांनी लिहून घेतलं. खाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की, निरीक्षकाच्या कबुलीनंतर सहा वर्षांच्या नोंदी पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्याआधीच्या सोळा वर्षांच्या नोंदी तीन हिवाळ्यांच्या मुदतीत बसत नव्हत्या. चार हिवाळ्यांपूर्वीच्या त्या अकरा हिरव्या मुनियाही त्यात गेल्या. त्या मी खऱ्याच पाहिल्या होत्या आणि खऱ्याच सांगितल्या होत्या. सही झाली, शिक्का झाला, वही मला परत मिळाली. बाईंची जीप गेली. रितेश माझ्या पाया पडायला वाकला, मग तसाच सरळ झाला आणि निघून गेला.

याला आता नऊ वर्षं झाली. गवताच्या जागी राखेचं तळं आहे. उन्हाळ्यात राख उडते आणि आमखारीतली माणसं दारं लावून घेतात. लाल मुनिया अजून पाळीच्या दुसऱ्या बाजूला येतात, असं ऐकते. मी गेलेले नाही.

त्या दिवशी सभागृहात खुर्च्या एकात एक घालत होते तेव्हा मी बाहेर पायरीवर बसले होते. लटारूकाका मागच्या रांगेतून सगळ्यात शेवटी बाहेर आले. माझ्यापासून जरा अंतर ठेवून उकिडवे बसले. बिडी काढली आणि न पेटवता हातात धरून राहिले.

“मले बी दिसल्या होत्या जी,” ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. “काय दिसल्या?”

“हिरव्या. त्या दिवशी. बावीस वरस मांगं बसून रायलो, मले काय वळखू येत नाई का? तुमी कुशीवर काई नाई म्हणल्या तवा मी खाकरलो. मंग म्हणलो, पोरगी बापाले दवाखान्यात नेऊन रायली, आपन काऊन मधात पडाव?”

“काका, आत्ता आत का नाही बोललात?”

“नाव पुकारलं असतं तं बोललो असतो. तुमी म्हणल्या, मी एकटीच पाहत होती.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “मी म्हणलो, असन तसंच.”

मी आत पाहिलं. टेबल उचलून नेलं होतं. पंखे बंद केले होते.

“आन सात नाई, आठ होत्या,” लटारूकाका म्हणाले. “एक खालती होती, चिखलात. तुमाले दिसली नसन.”